चाकांवरचे बिऱ्हाड आणि देवळातला नगारा

आमच्या देवळात आता नगारा आपोआप वाजतो. सायंकाळच्या आरतीची वेळ झाली की भटजी गाभाऱ्याच्या दाराशेजारचे बटण दाबतात आणि चौकाच्या कोपऱ्यात लोखंडी चौकटीत बसविलेले यंत्र खडबडून जागे होते. मोटार फिरू लागते, दोन दांडे चामड्यावर आपटतात, डोक्यावरची घंटा आणि बाजूची झांज त्यांच्या मागोमाग खणखणते. आरतीची लय चढो वा उतरो, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. बटण पुन्हा दाबीपर्यंत त्याचा एकच ठणठणाट चालू राहतो. नीरांजन ओवाळणाऱ्या हातालाच आता यंत्राच्या मागे धावावे लागते. यंत्राच्या कपाळावर पितळेची पट्टी आहे. आमच्या भाचीच्या यजमानांनी आपल्या कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ ते देवचरणी अर्पण केल्याचे तिच्यावर कोरले आहे. आणि ज्या ठरावाने २०१९ साली ते स्वीकारण्यात आले त्या ठरावाखाली, देवस्थान समितीचे सभासद या नात्याने, आमचीही सही आहे. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. पुढे जे कडू लिहावयाचे आहे त्यातला पहिला घोट आमच्याच वाट्याचा आहे.

हे आज लिहिण्याचे निमित्त असे की, गेल्या महिन्यात समितीपुढे आणखी एक सूचना आली. पालखीपुढे सनई वाजविणारा आमचा वाजंत्री आता थकला; तेव्हा त्याच्या मागे कोणाचा शोध घेत न बसता सनईची ध्वनिमुद्रिका कर्ण्यावरून लावावी, म्हणजे दर सोमवारची कटकट मिटेल. सूचना ऐकून चार जणांनी माना डोलाविल्या. आम्हांस मात्र त्या क्षणी सात समुद्रांपलीकडचे एक चिखलाचे मैदान डोळ्यांपुढे दिसू लागले. या सूचनेचे उत्तर आम्हांस त्या मैदानात मिळाले आहे, म्हणून वाचकांना आधी तिकडे घेऊन जाणे प्राप्त आहे.

२०२३ च्या ऑगस्टात, अधिक श्रावण चालू असता, आम्ही उभयतां भाचीकडे मेरिलँडला होतो. तिच्या यजमानांना हातकामाची आणि जुन्या संगीताची मोठी आवड. त्यांनी बेत केला की आर. व्ही. भाड्याने घ्यावी आणि ॲपलाचियन डोंगरांतली लहान गावे, तेथले कारागीर आणि गवई पाहत पंधरा दिवस हिंडावे. आर. व्ही. या वस्तूला घर म्हणावे की वाहन, हा प्रश्न आम्हांस शेवटपर्यंत सुटला नाही. आत चूल, शीतकपाट, न्हाणी, चार माणसांच्या निजण्याची सोय. बाहेर सहा चाके. आपल्याकडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतात, तिकडे ते चाकांवर घालतात, एवढाच फरक. आमच्या मंडळींनी आत पाऊल टाकताच देव कुठे मांडावयाचे हे विचारले आणि शीतकपाटावरची फळी पसंत केली. पहिल्याच वळणाला बाळकृष्ण घरंगळत चुलीशी येऊन थांबला, तेव्हापासून देव डब्यात राहिले. या गाडीचे भाडे रात्रीला सुमारे दोनशे डॉलर. आम्ही मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसलो. आमच्या वाजंत्र्याचे वर्षभराचे मानधन त्याच्या आसपासच होते.

ब्लू रिज पार्कवे नावाचा रस्ता डोंगरांच्या कण्यावरून जातो. लांबी ४६९ मैल. १९३५ साली, मंदीने हजारोंच्या हातचे काम गेले असता, तो बांधावयास घेतला आणि १९८७ साली पुरा झाला. त्यावर मालमोटारींना बंदी, वेग ताशी ४५ मैलांच्या आत. बोगदे ठेंगणे असल्यामुळे आमचे बिऱ्हाड आत शिरताना प्रत्येक वेळी भाची डोळे मिटून घेई. रस्त्याकडेला मेब्री यांची पाणचक्की लागते. एड मेब्री नावाचा कारागीर व त्याची बायको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दळण, लाकूडकाम आणि लोहारकी चालविली होती. आता तेथे चाक फिरते, हौशी मंडळी ऐरण वाजवून दाखवितात, आणि शेजारी ओंडक्यांचे एक जुने झोपडे उभे आहे. त्यापुढे लोक छायाचित्रे काढून घेतात. गंमत अशी की मेब्री कुटुंब त्या झोपड्यात कधी राहिलेच नाही. त्यांचे घर चांगले दुमजली, फळ्यांचे होते. ते सरकारने पाडले आणि दुसरीकडचे ओंडक्यांचे घर आणून तेथे बसविले. कारण डोंगरातला मनुष्य म्हणजे ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा, अशी शहरच्या प्रवाशाची समजूत!

हे मुद्दाम सांगितले. अमेरिकेत जे आहे ते सारे अस्सल आणि आपल्याकडचे ते सारे खोटे, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. त्या डोंगरी संगीताचा प्राण जो बँजो, तो मुळात गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर त्या देशात गेला. भोपळ्याचे घट आणि वर चामडे असे त्याचे मूळ रूप होते. पुढे गोऱ्यांनी तो उचलला आणि काळ्या वादकाला मंचावरून उतरविले. १९३० च्या दशकात व्हर्जिनियातल्या व्हाइट टॉप डोंगरावर लोकसंगीताचा जो मोठा उत्सव भरे, त्यात काळ्या वादकांना स्थान नव्हते. आणि त्याच उत्सवाला १९३३ साली राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट कौतुकाने आल्या होत्या. तेव्हा तिकडेही दिव्याखाली अंधार होताच.

फ्लॉइड हे व्हर्जिनियातले चिमुकले गाव. वस्ती पाचशेच्या आत. तेथे एका जुन्या किराणा दुकानात दर शुक्रवारी रात्री गाणे होते. काही वादक दुकानात सरावाला जमत, बाहेर लोक दारावर टकटक करू लागले, शेवटी मालकाने दार उघडले, आणि त्यातून हा रिवाज पडला असे सांगतात. पहिला तास भजनाचा. येशूची भजने असली तरी वातावरण आमच्या शनिवारच्या भजनासारखेच. नंतर खुर्च्या मागे सरतात आणि नाच सुरू होतो. ऐंशी वर्षांची आजीबाई बुटाला लोखंडी नाल ठोकून तालावर पाय आपटीत होती आणि तिच्यासमोर आठ वर्षांचा मुलगा तिचे पाय पाहून आपले पाय टाकीत होता. दारू नाही, शिवीगाळ नाही. दुकानात एका बाजूला पेरणीचे बी, दुसऱ्या बाजूला बँजोच्या तारा विकावयास. आमच्या मंडळींना ते फार आवडले. त्या म्हणाल्या, “हे तर आपल्या देवळाच्या चौकासारखे.” आम्ही काही बोललो नाही.

परंतु खरे पाहावयाचे ते गॅलॅक्सला.

गॅलॅक्स हे सहासात हजार वस्तीचे गाव. तेथे १९३५ पासून जुन्या फिडलवादकांचा मेळा भरतो. फिडल म्हणजे व्हायोलिनच. हात बदलला म्हणून नाव बदलले. गावच्या मैदानावर ऑगस्टात आठवडाभर स्पर्धा चालते; फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, समूहवादन आणि पायांचा नाच. विजेवर वाजणारी वाद्ये चालत नाहीत. आता, स्पर्धा मंचावर चालते हे खरे, पण मेळा भरतो तो मंचामागे. शेकडो आर. व्ही. गाड्या दाटीवाटीने उभ्या, मध्ये ताडपत्रीचे मांडव, त्यांखाली घडीच्या खुर्च्या, आणि प्रत्येक मांडवाखाली चारसहा जण वाजवीत बसलेले. पाऊस पडून गेला होता, घोट्यापर्यंत चिखल होता. येणारा जाणारा आपले वाद्य पेटीतून काढतो, खुर्ची ओढतो आणि सामील होतो. कोणी नाव विचारीत नाही, कोणी आमंत्रणाची वाट पाहत नाही. आमच्या शेजारच्या मांडवात एक शिक्षिका, एक मालमोटार हाकणारा, दोन कॉलेजातल्या मुली आणि एक निवृत्त कामगार असे जमले होते. कामगार लाकडी सामानाच्या कारखान्यात होता. त्या मुलखातले तसले कारखाने एकामागून एक बंद पडले, हे तो सांगत होता आणि सांगता सांगता बँजो जुळवीत होता. पहाटे दोनपर्यंत ते वाजवीत राहिले. आमचे देव डब्यात आणि आम्ही खिडकीत.

या गॅलॅक्सचा आणखी एक इतिहास आमच्या वाचकांस उपयोगी पडेल. १९२५ साली त्या भागातले काही वादक न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणासाठी गेले. तुमच्या संचाचे नाव काय, असे विचारता त्यांच्या म्होरक्याने थट्टेने आपण डोंगरातले गावठी लोक आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले आणि ‘हिलबिली’ हा शब्द त्यांना नाव म्हणून चिकटला. तो शब्द शिवीसारखाच वापरला जाई. अडाणी, गबाळा, दारू गाळणारा डोंगरी मनुष्य असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘गावठी’ म्हणतात तो तोच. त्या शब्दाखाली त्यांची तबकडी देशभर खपू लागली. त्यांच्या गावच्या काही भल्या लोकांना लाज वाटली हेही तितकेच खरे. दहा वर्षांनी त्याच गावाने मेळा सुरू केला आणि त्या लाजेचे काय केले ते आम्ही चिखलात उभे राहून पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्या वृद्ध कामगाराने आम्हांस कॉफी दिली आणि कोण, कुठले, विचारपूस केली. आम्ही गोव्याचे, एका देवळाच्या व्यवस्थेत आहोत, असे ऐकून तो म्हणाला, “मग तुमच्या देवळात वाजवतो कोण?”

आम्ही खरे ते सांगितले: “एक यंत्र.”

तो मोठ्याने हसला. आम्ही थट्टा केली असे त्याला वाटले. थट्टा नव्हे हे कळल्यावर त्याचे हसू थांबले आणि त्याने अगदी साधेपणाने विचारले, “आणि आधी जो वाजवीत होता त्याचे काय झाले?” आमच्या भाचीचे यजमान त्या वेळी कॅमेऱ्याची भिंग पुसू लागले. आम्ही कॉफी संपविली.

त्या रात्री आम्ही त्यांना गाडीत विचारले की बाबा रे, इतके हे सारे तुला कळते, बँजोच्या कड्याला कोणते लाकूड लागते हे तू आम्हांस समजावून सांगतोस, मग आपल्या देवाला यंत्र कसे काय दिलेस? ते म्हणाले, “मामा, वाजवायला माणसे मिळत नाहीत, असे तुम्हीच पत्रात लिहिले होते.” लिहिले होते खरे.

आता ‘माणसे मिळत नाहीत’ या वाक्याचा समाचार घेतला पाहिजे, कारण गोव्यापासून बेळगावपर्यंत आणि तेथून पुढेही, आपल्या लोकांची जिथे जिथे देवळे आहेत तिथे तिथे हे वाक्य ऐकू येते. आमच्या नगारेवाल्याला दरमहा रु. १५०० मिळत. यंत्राची किंमत रु. ३२,०००. खजिनदारांनी सभेत हिशेब मांडला की एकवीस महिने आणि काही दिवसांत यंत्र फिटते, पुढे सारा लाभच. यंत्र देणगीचे होते, तेव्हा लाभ पहिल्या दिवसापासूनच, अशीही कोणी दुरुस्ती सुचविली. हिशेब चोख होता. दिवसातून दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस, पावसापाण्यात चालत येणाऱ्या माणसाला आम्ही दिवसाला पन्नास रुपये देत होतो, ही बाजू कोणी वाचून दाखविली नाही. त्याच्या नातवाने शिकून एका दुकानात नोकरी धरली तेव्हा ‘आजकालच्या पोरांना सेवा नको’ असे आम्हीच म्हटले. आणि मानधनाचे सोडा. समाराधनेच्या पंगतीत त्याचे पान शेवटच्या ओळीत, पडवीच्या टोकाला मांडले जाई. सभामंडपात त्याने कोठवर यावे याची एक न आखलेली रेघ होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. अशा जागेवर माणसे मिळत नाहीत यात नवल कसले? इतकी वर्षे मिळाली याचेच नवल करावे.

यंत्र बसल्यावर तो एकदा आम्हांस वाटेत भेटला. राग नव्हता. म्हणाला, “मशिनाक च्या लागना, बाब.” आणि पुढे गेला.

कोणी म्हणतात, देवाला भाव हवा, नगारा यंत्राने वाजो की माणसाने, त्याला काय! हे म्हणणारेच सभागृहाला संगमरवर हवा म्हणतात, गाभाऱ्याच्या दाराला चांदीचा पत्रा हवा म्हणतात आणि पालखीची छत्री पुण्याहून की कोल्हापुराहून आणावी यावर दोन सभा घालवितात. दगडाच्या आणि चांदीच्या बाबतीत भावावर भागत नाही. माणसाचे पोट आले की मात्र भाव आठवतो. दुसरे म्हणतात, यंत्र वेळेवर असते, रुसत नाही, पिऊन येत नाही. खरे आहे. ते पावसाळ्यात वीज गेली की बंदही असते आणि अशा संध्याकाळी आमच्या देवाची आरती मुकाट्याने होते, कारण नगारा वाजविता येणारा माणूस आता चौकात कोणी उरलेला नाही. ज्या मुलांनी लहानपणी त्या नगारेवाल्याच्या शेजारी बसून दोन टिपऱ्या हातात घेतल्या त्यांची पिढी संपली. यंत्राशेजारी कोणता मुलगा बसेल? बसला तर बोट चिमटायची भीती.

तिसरा आक्षेप अधिक पोक्त आहे. अमेरिका श्रीमंत, तिला ही चैन परवडते, असा तो. यावर आमचे म्हणणे असे की त्या डोंगरांत श्रीमंती कधीच नव्हती. फ्रान्सिस गुडरिच नावाच्या मिशनरी बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरात राहत. १८९५ च्या सुमारास एका शेजारणीने त्यांना ओकच्या सालीच्या रंगातली, हातमागावर विणलेली जुनी चादर भेट दिली. मागे घरोघर होणारे ते विणकाम तेव्हा मावळत चालले होते. बाईंनी ती चादर कौतुकाने पेटीत ठेवली नाही; शहरच्या लोकांना दाखवून मागणी आणली, म्हाताऱ्या विणकरणींकडून नव्यांना शिकविले, आणि १९०८ साली ॲशव्हिल शहरात दुकान थाटले. १९३० साली तेथल्या कारागिरांचा जो संघ स्थापन झाला त्याला त्यांनी पुढे ते दुकान देऊन टाकले. आज पार्कवेवरच्या लोककला केंद्रात त्याच नावाचे दुकान आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे एक बाई केरसुणी बांधीत होती. आमच्या मंडळींनी तिच्यापुढे अर्धा तास काढला, कारण माडाच्या हिरांची केरसुणी त्या घरी बांधतात आणि गाठ कशी बसते यात त्यांना रस होता. संघाचे सभासद व्हावयाचे तर काम परीक्षकांपुढे ठेवून पसंत व्हावे लागते. आपल्याकडे समईचे काम द्यावयाचे असले की आपण तीन दरपत्रके मागवितो आणि सर्वांत स्वस्त ते पसंत करतो. मग डिचोलीच्या कांसाराची ओतीव समई मागे पडते आणि पत्र्याची पुढे येते.

या लोकांवर दैवाची कृपा आहे असेही नाही. आम्ही येऊन गेलो त्याला वर्ष झाले असेल, २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने तो मुलूख धुऊन काढला. पार्कवे उत्तर कॅरोलायनात ठिकठिकाणी तुटला, ॲशव्हिलच्या नदीकाठी कलावंतांच्या कामशाळांची जी पेठ होती ती पाण्याखाली गेली. तशा मुलखातल्या लोकांनी हे सांभाळले आहे.

आणि त्यांनी पुढची सोयही केली. उत्तर कॅरोलायनातल्या स्पार्टा या खेड्यात २००० साली हेलन व्हाइट या बाईंनी शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो, गिटार शिकविण्याचा वर्ग काढला. शिकविण्याची रीत जुनीच, कानाने ऐकून हाताने उचलण्याची. त्या वर्गाचे लोण पुढे इतर गावांत पसरले. शिकणाऱ्या मुलाचा बाप वादक होता का, आजा कोण होता, हे कोणी विचारीत नाही. त्याच डोंगरांत रग्बी नावाच्या वाडीत वेन हेंडरसन हे गिटार घडवीत. पोटासाठी त्यांनी वर्षानुवर्षे गावोगावची टपाल वाटली, आणि त्यांच्या हातच्या गिटारीसाठी एरिक क्लॅप्टनसारख्या जगप्रसिद्ध वादकाला वर्षानुवर्षे थांबावे लागले. १९९५ साली त्यांना राष्ट्राचा लोककलेचा सन्मान मिळाला. आमचा मुद्दा एवढाच की टपालवाल्याने वाद्य घडविले म्हणून टपालवाल्याची जात ठरली नाही, आणि वाद्य घडविले म्हणून पंगतीत त्याचे पान मागे गेले नाही.

येथे आम्ही स्वकीयांच्या रोषास पात्र होणार हे जाणून लिहितो. जुनी परंपरा टिकवा असे म्हणणारे काही जण आमच्या बाजूला येऊन उभे राहतील, त्यांचीही संगत आम्हांस नको. त्यांना हवी ती जुनी चाकरी: बापाचा नगारा मुलाच्या गळ्यात, बदल्यात मूठभर तांदूळ आणि उत्सवात एक पंचा. माझानिया कायद्याखाली देवळे महाजनांच्या हाती आहेत. पण सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांतली भिंत त्याहून पुष्कळ जुनी. ज्या कलावंत घराण्यांनी या देवळांत पिढ्यान् पिढ्या गायिले नाचले, त्यांच्या स्त्रियांना या भिंतीपलीकडे काय भोगावे लागले हे गोव्यात कोणास सांगावयास हवे? त्या समाजाने शिक्षणाच्या बळावर ते जोखड झुगारले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. केरीच्या केसरबाईंचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघाला. कुर्डीच्या मोगूबाईंनी आणि मंगेशीच्या दीनानाथांनी देशाला गाणे दिले. आपण त्यांच्या तसबिरी सभामंडपात टांगतो. ज्या पडवीत त्यांच्या आज्या-पणज्या ताटकळत उभ्या असत त्या पडवीकडे पाहावयाचे मात्र टाळतो. ते लोक निघून गेले ते अपमान सोडून गेले; गाणे त्यांनी सोडले नाही, बरोबर नेले. ही गोष्ट समजली की नगारेवाल्याचा नातूही समजेल.

आपल्याजवळ वस्तू कमी आहेत काय? घुमटच घ्या. भाजलेल्या मातीचे मडके, दोन्ही तोंडे उघडी, मोठ्या तोंडाला चामडे ताणलेले. तळहाताने धाकट्या तोंडाची वाट कमीअधिक दाबली की स्वर फिरतो. पूर्वी चामडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि रास्तच झाले. कारागिरांनी बकऱ्याचे चामडे घेऊन वाद्य चालू ठेवले. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचे वारसावाद्य ठरविले. तेच वर्ष, ज्या वर्षी आमच्या चौकात यंत्र आले! आता पणजीत मंचावर पन्नास मुलगे एकाच रंगाचे फेटे बांधून घुमट वाजवितात, पाहुणे टाळ्या पिटतात, आणि त्याच संध्याकाळी देवळात बटण दाबले जाते. मेब्रीच्या चक्कीशेजारचे ते ओंडक्यांचे घर ते हेच. अजून चवथीला घरोघर घुमटाची आरती रंगते, शामेळ आणि कांसाळ्यांच्या साथीने शेजारपाजार जमतो. म्हणजे हात आहेत, कान आहेत, हौस आहे. देवळाने तेवढे दार उघडावयाचे आहे. फ्लॉइडच्या दुकानदाराने उघडले तसे.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींना चार शब्द. तुम्ही वर्षाचे पैसे साठवून चाकांवरचे घर घेता, दीडदोन हजार मैल हिंडता, केरसुणी बांधणाऱ्या बाईपुढे हात जोडून उभे राहता. उत्तम करता, आम्हीही राहिलो. मग गावी आलात की दोन दिवस चौकात बसा. देणगी द्यावयाची झाली तर लोखंडाला देऊ नका. वडिलांच्या नावे एका वाजंत्र्याचे पुरे वेतन चालवा, त्याची पितळी पट्टी आम्ही आनंदाने लावू. आमच्या भाचीच्या यजमानांनी हे ऐकून घेतले आहे, आणि यंत्रावरच्या पट्टीचे काय करावयाचे ते मामांनीच ठरवावे असे कळविले आहे.

आम्ही परत आल्यावर दोन वर्षे गप्प राहिलो. समितीत वाईटपणा कशाला, हा एक विचार. आपणच सही केलेली, हा दुसरा. सनईची सूचना आली नसती तर कदाचित आणखी दोन वर्षे गेली असती. सनईवाल्याकडे आम्ही गेलो. तो थकला आहे हे खरे, श्वास पुरत नाही हेही खरे. पण शिकवीन म्हणतो. कोणाच्याही मुलाला शिकवाल का, असे विचारता तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “तुमगेल्या नातवाक धाडून दितले?” तुमच्या नातवाला पाठवाल? आमच्या सुनेला आम्ही विचारले. ती हो म्हणाली. नातू अकरा वर्षांचा आहे, सध्या त्याला पुंगीचा नुसता फुसका आवाज काढता येतो.

महाजनांच्या सभेपुढे आम्ही लेखी प्रस्ताव दिला आहे. सनईची ध्वनिमुद्रिका लावू नये. सनईवाल्याला व नगारेवाल्याला शिकविण्याचे वेगळे वेतन द्यावे. वर्ग शनिवारी व रविवारी देवळाच्या चौकात भरवावा, आणि महाजन असो वा नसो, गावातल्या कोणत्याही मुलामुलीस तेथे बसू द्यावे. समाराधनेत वादकांची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत. यंत्राबद्दल लिहिले आहे की ते काढून टाकावे, आणि २०१९ च्या ठरावावरची आमची सही आम्ही चूक मानतो. एका सभासदाने आताच सांगितले की पहिल्या पंगतीचे कलम गाळाल तर बाकीचे जमेल. आम्ही गाळणार नाही.

सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. आमचा विषय सातवा. सहावा विषय सभामंडपाच्या भिंतींना टाईल्स बसविण्याचा आहे. त्या भिंतींवर चुन्यावरचा तांबडा थर कोरून काढलेले जुने कावीचे काम आहे, आणि त्याही विषयावर बोलण्याची आम्ही परवानगी मागितली आहे.